इन्स्पेक्टरांची कोंबडी आणि काकूंची जीभ

निवृत्त माणसाने वाचनालयात जरूर जावं, पण तिथलं कुठलंही मासिक शेवटपर्यंत वाचू नये, असं इन्स्पेक्टरांचं आता पक्कं मत झालं आहे. अर्धवट वाचून घरी येणारी माणसं सुखी असतात. त्यांना गप्पांना विषय मिळतो आणि त्यांच्या हातून काही घडत नाही. इन्स्पेक्टरांनी मात्र त्या दिवशी कोंबड्यांच्या खाद्यावरचा एक लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचला, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला, आणि ग्रंथपालबाईंनी खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायला घेतल्या तेव्हा कुठे ते उठले.

लेखाचं म्हणणं सोपं होतं. कोंबडी जे खाते, ते तिच्या मांसात उतरतं. हल्ली बहुतेक कोंबड्या सोयाबीनच्या पेंडीवर वाढतात. त्या पेंडीच्या जागी दुसरी प्रथिनं दिली, म्हणजे वाटाणा म्हणा, शेवाळ म्हणा, नाहीतर चक्क माशीच्या अळ्या, तर मांसाचा रंग, घट्टपणा, रस आणि चव यांत फरक पडू शकतो. ‘पडू शकतो’ असं लेखकाने जपून लिहिलं होतं. इन्स्पेक्टरांनी ते ‘पडतो’ असं वाचलं आणि घरी आले.

आता हे इन्स्पेक्टर पोलिसांतले नव्हेत, वजनमापे खात्यातले. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण हुडकून काढण्यात त्यांची हयात गेली, आणि दुकानदार त्यांना पाहून आजही उगाचच पारडं पुसायला लागतात. पण त्यांच्या इमारतीत त्यांच्यापेक्षा मोठा हुद्दा त्यांच्या बायकोचा होता. तिला सगळे काकू म्हणत. कुणाकडे पाहुणे यायचे असले की आधी एक वाटी काकूंच्या दारात यायची. काकू बोटावर थेंब घेऊन जिभेला लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. "मीठ घाल." "खाली लागलंय, ढवळू नकोस, वरचं वरचं काढून घे." कधी विचारत, "पाहुणे कोण आहेत?" उत्तर ऐकून म्हणत, "मग चालेल." काकूंनी पास केलेल्या पदार्थाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

मग काकूंना ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाही आलीच, तर सवय होते." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला. काकूंना सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. त्या दोन घास खाऊन ताट सरकवायच्या, आणि बोटातली अंगठी सैल झाली म्हणून ती त्यांनी काढून कपाटात ठेवली होती. वाट्या मात्र येतच होत्या. काही दिवस काकू प्रत्येकीला "छान झालंय" म्हणाल्या. मग समोरच्या नर्सबाईंनी भाचीला पाहायला आलेल्या मंडळींना काकूंच्या भरवशावर बिनमिठाची भाजी वाढली. मंडळी चांगली होती, काही बोलली नाहीत. पण ते कळल्यावर काकूंनी दुपारचं दार उघडणं बंद केलं.

"मी आता खोटं माप झाले हो," त्या इन्स्पेक्टरांना म्हणाल्या.

ज्या माणसाने आयुष्यभर खोटी मापं जप्त केली, त्याला बायकोच्या तोंडून हे ऐकवलं नाही. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ उगाच कुंड्यांना पाणी घालत राहिले. त्यांना त्या वेळी आठवलं की तापाच्या आधी काकू एकदा म्हणाल्या होत्या, "हल्ली कोंबडीला चवच राहिली नाही." आणि आता हा लेख. इन्स्पेक्टरांच्या डोक्यात गणित जुळलं. जीभ दुरुस्त करणं डॉक्टरांना जमत नाही, तर आपण कोंबडी दुरुस्त करू. जीभ मंद असेल, तर चव जोरदार हवी. या तर्कात खोट काढायची सोय नव्हती, निदान इन्स्पेक्टरांना ती दिसली नाही.

गच्चीची किल्ली इमारतीच्या सेक्रेटरींकडे होती. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हे, पण नियमावली त्यांना तोंडपाठ.

"गच्चीवर चतुष्पाद प्राणी पाळण्यास मनाई आहे," ते म्हणाले.

"कोंबडीला दोन पाय असतात," इन्स्पेक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी नियमावली पुढून मागून चाळली. दोन पायांच्या प्राण्यांबद्दल तीत जे काही होतं ते सगळं भाडेकरूंना उद्देशून होतं. शेवटी ते म्हणाले, "आरवणारा नको. आणि वास येता कामा नये."

"वास कसला येतोय!" इन्स्पेक्टर मोठ्या विश्वासाने म्हणाले.

कोंबडीची चार पिल्लं आली. जुन्या कपाटाचं खुराडं झालं. अळ्या कुरियरने मागवल्या. सैनिक माशी म्हणून एक काळी माशी असते, तिच्या या अळ्या. ही माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, अत्यंत सभ्य असते, असं लेखात लिहिलं होतं. खोका चुकून खालच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांकडे गेला. त्यांनी तो उघडला, बंद केला आणि हात लांब धरून वर आणून दिला.

"इन्स्पेक्टर, तुमच्या तांदळाला अळ्या पडल्यात. परत पाठवा."

"तांदूळ नाहीत ते. अळ्याच आहेत."

"विकत घेतल्यात?" मास्तरांनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता काकूंची चौकशी करून निघून गेले. जिन्यात त्यांना सेक्रेटरी भेटले असावेत, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी होती.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे दुखण्यावर जितके सल्ले मिळतात तितकेच कोंबडीवरही मिळतात, आणि बरेचदा तेच असतात. मास्तर म्हणाले, पिल्लांना सकाळचं ऊन द्या आणि त्यांच्याशी बोला. नर्सबाई म्हणाल्या, खुराड्यात जाताना हात धुवा, बाहेर येताना हात धुवा, आणि एकदा स्वतःचं ब्लडप्रेशर मोजून घ्या. लेकीचा फोन आला. "बाबा, आई जेवत नाही आणि तुम्ही अळ्या पाळताय?" इन्स्पेक्टरांनी तिला लेख वाचून दाखवायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला लाइन कट झाली. ती आपोआप कट झाली असं ते धरून चालले.

अडचण अशी झाली की अळ्या काही बाळसं धरेनात. इमारतीतली सगळी भाजीची सालं अळ्यांसाठी ठेवलेल्या पिपात पडत होती, पण अळ्या आपल्या दोऱ्यासारख्या. उपाय कोपऱ्यावरच्या मासेवालीने केला. ती रोज मासळीची डोकी आणि आतडी फेकून द्यायची. इन्स्पेक्टरांनी विचारल्यावर तिने विचारलं, "मांजरी किती आहेत?" इन्स्पेक्टर म्हणाले, "मांजरी नाहीत." तिने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि पिशवी गच्च भरून दिली. तेव्हापासून रोज देत राहिली.

मासळीवर अळ्यांनी जे अंग धरलं ते पाहून इन्स्पेक्टरांचा ऊर भरून आला. अळ्या गलेलठ्ठ, अळ्या खाऊन कोंबड्या टवटवीत. एक मात्र त्यांनी कटाक्षाने पाळलं. लेखाच्या तळटीपेत स्पष्ट इशारा होता की कोंबडीला मासळी खायला घातली तर मांसाला तो वास लागतो. म्हणून इन्स्पेक्टरांनी कोंबड्यांना मासळीचा काटादेखील दाखवला नाही. मासळी फक्त अळ्यांना. मधे पत्र्याचा पडदा. याला म्हणतात शिस्त.

वासाचं काय? येत होता. गच्चीचं दार उघडलं की मधल्या मजल्यापर्यंत येत होता. पण इन्स्पेक्टर रोज सकाळ-संध्याकाळ त्या पिपात वाकत असल्यामुळे त्यांचं नाक केव्हाच निबर झालं होतं, आणि शेजारी काकूंकडे बघून मूग गिळून बसले होते.

ते फार दिवस बसू शकले नाहीत, याला कारण अळ्यांचं तारुण्य. अळी वयात आली की ती खाणं सोडते आणि कोष करायला अंधारी, कोरडी जागा शोधत निघते. लेखात हे होतं. सेक्रेटरींचे जोडे अंधारे आणि कोरडे असतात हे लेखात नव्हतं. सकाळी बँकेत निघालेल्या सेक्रेटरींनी पाय आत घातला आणि त्यांच्या किंकाळीने सगळी इमारत जागी झाली.

"परवानगी आणा!" ते एका पायावर उभं राहून म्हणाले. "नगरपालिकेची! लेखी!"

इन्स्पेक्टर स्वतः सरकारी नोकरीतले. कचेरीची त्यांना भीती नव्हती, उलट जरा माहेरी गेल्यासारखं वाटलं. पण आता ते काउंटरच्या पलीकडच्या बाजूला नव्हते, हे त्यांना पहिल्या खिडकीवरच कळलं. तिथला कारकून म्हणाला, पक्षी पाळायला हरकत नाही, पण अळ्या पक्ष्यांत मोडत नाहीत. दुसऱ्या खिडकीवरच्याने अळ्या पशुधनात धरता येतील का ते पुस्तकात पाहिलं. मधमाशी होती. साधी माशी नव्हती. तो म्हणाला, "कीटक विभागात जा."

कीटक विभागातला कारकून भला माणूस होता. त्याने इन्स्पेक्टरांना खुर्ची दिली. "साहेब, आम्ही कीटक मारतो. पाळायची परवानगी आमच्याकडे नसते. पण तुम्ही अर्ज ठेवून जा, मी बघतो."

त्याने खरंच बघितलं. त्याच्या खिडकीवर आजवर एकाच प्रकारचे अर्ज येत आले होते. तेव्हा ‘गच्चीवर अळ्या आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य वाचून त्याने जन्माच्या सवयीने तो अर्ज त्याच गठ्ठ्यात लावला. पुढच्या आठवड्यात पाठीवर फवारणीचे पंप घेतलेली दोन माणसं जिना चढून आली. खाली पाटी-खडू घेऊन सेक्रेटरी सगळ्यांना खिडक्या लावायला सांगत होते.

"तक्रारदार कोण?" पंपवाल्याने विचारलं.

"मी," इन्स्पेक्टर म्हणाले, "म्हणजे मी तक्रारदार नाही, मी पालक आहे."

"अळ्या कुठे आहेत?"

इन्स्पेक्टर पिपासमोर हात पसरून उभे राहिले. एकेकाळी ज्यांची जीप बाजारात शिरली की दुकानांची फळी पडायची, ते आज माशीच्या पोरांसाठी छाती काढून उभे होते, आणि मास्तर, नर्सबाई, सेक्रेटरी दारात दाटीवाटीने पाहत होते. त्यांना फार अपमानास्पद वाटलं. पण ते हलले नाहीत. पंपवाला म्हणाला, "काका, आम्हाला फवारल्याची सही लागते." शेवटी गच्चीचा रिकामा कोपरा फवारून घ्यायचा, इन्स्पेक्टरांनी सही द्यायची, आणि पीप आजच्या आज गच्चीवरून हलवायचं, असा तह झाला. कोंबड्यांना मास्तरांनी तेवढा वेळ आपल्या बाथरूममध्ये घेतलं. पीप इन्स्पेक्टरांच्या बाथरूममध्ये आलं.

काकूंना सांगायचं कसं, या विचाराने इन्स्पेक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दाराशी घुटमळत होते तेवढ्यात काकू स्वतःच आत गेल्या, पिपाचं झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"रागावलीस?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"घाण येतेय का हो?"

"मला नाही येत. पण सेक्रेटरी म्हणतात, येते."

"मग राहू द्या इथेच," काकू म्हणाल्या. "या घरात आता असं पीप ठेवायला माझ्याइतकं सोयीचं माणूस मिळायचं नाही." आणि त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्या पिपाच्या कडेवरच टेकल्या. "अहो, नाही आली जीभ परत, तर काय कराल? किती कोंबड्या पाळाल?"

इन्स्पेक्टर तिच्या शेजारी उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना मनातून भीती वाटत होती, आणि ती भीती चव न येण्याची नव्हती. ही अशीच थोडी थोडी ताटावरून उठत राहील आणि एक दिवस बसणारच नाही, याची ती भीती होती. ते एवढंच म्हणाले, "जरा सरक, अळ्यांना हवा लागते."

कोंबड्या मोठ्या झाल्या. इन्स्पेक्टरांनी त्यांना नावं दिली नव्हती, लेखात तसंच सांगितलं होतं. तरी कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याकडे पहिली घेऊन जाताना त्यांनी तिला अर्ध्या वाटेत दोनदा "झालं हं, आलंच" असं म्हटलं. दुकानात ते पाठ फिरवून उभे राहिले. कोंबडीवाल्याने मांस दाबून पाहिलं आणि म्हणाला, "घट्ट आहे साहेब. रंगही चांगलाय." नंतर त्याने हात नाकापाशी नेला, इन्स्पेक्टरांकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

चाचणी रविवारी दुपारी ठरली. इन्स्पेक्टरांना निकाल नियमाप्रमाणे हवा होता. बाजारातली एक कोंबडी आणि घरची एक. दोन्ही नुसत्या मीठ-मिरी लावून शिजवायच्या, तेही नर्सबाईंनी त्यांच्या घरी, म्हणजे पक्षपाताला जागा नको. दोन ताटं सारखी, कुठलं ताट कुठलं हे फक्त ताटाखालच्या चिकटपट्टीवर. परीक्षक तिघं. काकूंनी चाखणार नाही असं आधीच सांगितलं होतं. त्या आतल्या खोलीत दार लोटून पडल्या होत्या.

नर्सबाई ताटं घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. कोंबडी शिजत असताना त्यांना काय कळायचं ते कळलं होतं. जिन्यातच त्यांनी मास्तरांना आणि सेक्रेटरींना गाठून बजावलं होतं, "काय वाट्टेल ते होवो, छान म्हणायचं. त्या माणसाकडे बघून म्हणायचं." हे इन्स्पेक्टरांना पुष्कळ नंतर समजलं.

चिकटपट्टीची काहीच गरज नव्हती. दुसरं ताट कुणाचं, हे डोळे मिटलेल्यालाही कळलं असतं. मास्तरांनी तुकडा तोंडात घातला, त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, आणि ते म्हणाले, "वा! पोत काय आहे मांसाचा!" नर्सबाई म्हणाल्या, "वेगळीच चव आहे. कधी खाल्ली नव्हती अशी." यात एक अक्षर खोटं नव्हतं. सेक्रेटरींनी पाणी पिऊन घेतलं, पुन्हा पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाले, "समितीतर्फे अभिनंदन."

इन्स्पेक्टरांना धन्य धन्य वाटलं. त्यांनी ताट उचललं आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

"सगळे छान म्हणताहेत गं. तू नुसता एक घास घे. नाही कळलं तर नाही कळलं. मी परत म्हणणार नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. उन्हात काळवंडलेला, पत्र्याने हात कापून घेतलेला, सगळ्या इमारतीत हसं झालेला आपला नवरा दारात ताट धरून उभा होता. त्यांना भूक नव्हती, इच्छा नव्हती. पण त्या उठून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांच्यासाठी म्हणून एक तुकडा तोंडात घातला. दोनदा चावला. आणि थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिला मासळीचा वास येतोय."

इन्स्पेक्टरांना ते वर्मी लागलं. "भलतंच! कोंबड्यांना मी मासळीचा काटासुद्धा दाखवलेला नाही. मधे पत्रा होता पत्रा. या तिघांनी खाल्लं, कुणाला वास आला? कोंबड्यांचं सगळं खाणं म्हणजे अळ्या. आणि अळ्यांचं खाणं म्हणजे..."

"मासळी," सेक्रेटरी अगदी हळू म्हणाले.

इन्स्पेक्टर खाली बसले. एवढा मोठा पत्रा त्यांनी लावला होता, आणि मासळी त्यांच्या नाकासमोरून अळीच्या पोटात बसून कोंबडीत गेली होती. "म्हणजे सगळं फुकट गेलं," ते म्हणाले. "एवढे दिवस. फुकट."

नर्सबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. मास्तर जागचे उठून उभे राहिले होते.

"काकू," नर्सबाई म्हणाल्या, "काय म्हणालात? परत म्हणा ना."

"परत काय म्हणा? मासळीचा वास येतोय, तोही शिळ्या. आणि मीठ कुणी घातलंय यात? तू घातलंस? पुरतं अर्धं..." काकूंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, तो नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं.

सगळ्यांत शेवटी कळलं ते इन्स्पेक्टरांना. कागदोपत्री चुका काढायची सवय लागली की समोरचं असंच उशिरा दिसतं.

"तुला वास आला?" त्यांनी विचारलं.

"आला हो. चवही येतेय थोडी. शी, किती वाईट!"

"मलाही भयंकरच लागली होती," सेक्रेटरी एकदम म्हणाले, आणि मास्तर म्हणाले, "माझ्या तर घशात बसली," आणि नर्सबाई रडता रडता हसायला लागल्या. काकू कुणाचं ऐकत नव्हत्या. त्यांनी ताट पुढे ओढलं होतं आणि त्या जेवत होत्या. प्रत्येक घासाला नाक मुरडत होत्या, नवऱ्याला बोल लावत होत्या, मासळी कुठून आणलीत, किती दिवसांची होती, माणसं जेवायला बोलावलीत की सूड घ्यायला, असं विचारत होत्या, आणि पुढचा घास घेत होत्या. ताट सरकवायचं नाव नव्हतं. इन्स्पेक्टर समोर बसून ती बोलणी ऐकत होते आणि मधूनच शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. इतकं सुख त्यांना नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

"बघता काय नुसते? तुम्ही चाखलीत तरी का?" काकूंनी दरडावलं आणि एक तुकडा त्यांच्या हातात दिला.

इन्स्पेक्टरांनी तो तोंडात घातला. मान्य करायला हवं होतं, आजवर खाल्लेल्यात ही सगळ्यांत वाईट कोंबडी होती. त्यांनी ती नीट चावून गिळली, हात पुढे केला आणि आणखी एक तुकडा मागून घेतला.